सुटी पानं

जेने, बाजाराचा सोमवार

शिवून आणणार म्हणे! कोणाला विचारलंस? सलाम-दुवा नंतर, चि. यारो, आधी हे ऐक. आपली पुस्तकं शिवत नाहीत. सुटी पानं, वर चामड्याची पिशवी, बस. पोरं एकेक पान घेऊन नकलायला बसायची, ती उगाच? गोंधळ नको म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द. माझ्या शेवटच्या पानाखालीही आहे. पण ते पुढचं पान मोप्तीला, तुझ्या बापाकडे. अब्बांच्या वाटणीत अर्धं पुस्तक मला, अर्धं त्याला. अक्षर न येणाऱ्या बहिणीला पहिलं अर्धं दिलं म्हणून थोरले बंधुसाहेब जे रुसले, ते रुसलेच. तरी शिवलं तर त्याची पानं आत येणार कुठून? शिवणं म्हणजे तो मेला म्हणणं!

खोकल्याला मध घे. लोभ तापलाय, आटलेला नाही.

कूम्बा आत्या

बामाको, शुक्रवार

ती. आत्यास सलाम.

तलवार म्यान कर, दोरा परत केला. मला वाटलं, शिवलं की एक तरी पान गहाळ व्हायचं नाही.

परवा मोप्तीला बाबांनाही हेच सांगितलं, तर काठी शोधायला लागले! म्हणाले, शिवणाऱ्याचे हात मोडीन, माझी पानं कुठे जातील? तुम्ही दोघं बोलता एकच, फक्त एकमेकांशी बोलत नाही.

मग बाबांनी स्वतःच पिशवी उघडली. तुझ्या शेवटच्या पानाच्या समासात खापरपणजोबांनी लिहिलंय ना, बानी नदीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा होडीत आधी पुस्तकं चढवली, ते बघून बायको म्हणाली... आणि पान संपतं. ती काय म्हणाली, ते बाबांकडच्या पहिल्या पानाच्या समासात आहे. वाचताना ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. लिहून पाठवू?

त्यांचे गुडघे गेलेत, उंबरा ओलांडवत नाही. निरोप काही दिला नाही. पण विचारत होते, कूम्बा माशात अजून तेवढंच तिखट घालते का.

शिव्या का होईना, पाठवत राहा.

तुझा यारो

जेने, सोमवार, बाजार भरायच्या आत

चि. यारो,

खबरदार लिहिलंस तर! भावाच्या रागानेच मी अक्षर शिकले, आणि शिकल्यापासून त्या बाईचं उत्तर मनात रचतेय. कधी वाटतं नवऱ्याला शिवी हासडली असेल, कधी वाटतं पुस्तकांवरच जाऊन बसली असेल. आपल्या घरातल्या बायकांपैकी एवढी एकच कागदावर बोललीय. ते मी दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकू?

पानं मेणकापडात गुंडाळून छातीशी बांधलीत. बापाला कळवू नकोस, उगाच नाक वर करून बसेल. आधी वाचणार, मग भांडणार. त्याचे गुडघे गेलेत, माझे नाहीत.

होडीवाला काठावरून बोंबलतोय. उत्तर धाडू नकोस, घराला कुलूप आहे. निघाले.