प्रश्नताईची स्कूटर

तीर्थरूप आत्या,

तुझ्या भाचीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे. खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात बाबा एकटेच आहेत). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून त्याला शिव्या घालतेस का? वरच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलणं सुरू झालं की अजून अबोलाच? तू विणून पाठवलेले मोजे पोचले. तिन्ही जोड अतिशय मऊ आहेत, असं बाबा म्हणाले. रंग मात्र मी स्वतः पाहिले. त्यातला शेवाळी जोड तू उरलेली लोकर खपवायला विणलास हे मी ओळखलं आहे, पण आजारी माणसाने तक्रार करू नये म्हणतात, म्हणून करत नाही.

आता मुद्द्यावर येते. (म्हणजे इतक्यात येणार नाही, तू मला ओळखतेस.) बाबा तुला दर रविवारी फोनवर काय सांगतात ते मी पलंगावरून ऐकत असते. सगळं फर्स्ट क्लास, भूक फर्स्ट क्लास, झोप फर्स्ट क्लास. आत्या, यातलं काहीही फर्स्ट क्लास नाही. हा रक्ताचा कॅन्सर पहिल्यांदा आला तेव्हा पाहुण्यासारखा आला होता, या खेपेला ट्रंक घेऊन आलाय. हे डॉक्टरांना माहीत आहे, मला माहीत आहे, बाबांनाही माहीत आहे. फक्त आमच्या घरात तसं बोलायची सोय नाही. आई गेली तेव्हापासून बाबांनी वाईट बातमी ऐकणंच बंद केलं आहे. त्यांना खरं उत्तर ऐकवायचं कसं, या एका गोष्टीपायी माझ्या नाकी नऊ आलेत, आणि पुढचा सगळा तमाशा त्यातूनच झाला.

त्याचं असं आहे की माझ्या वयाच्या माणसाला हॉस्पिटलात जागा नसते. म्हणजे खाट मिळते, पण ती कुठे टाकायची हे कोणाला ठरवता येत नाही. मुलांच्या वॉर्डात ठेवलं की पाय खाटेबाहेर जातात, भिंतीवर रंगवलेला जिराफ दिवसभर टक लावून बघतो आणि सुई टोचून झाली की नर्स फुगा देते (घेते मी. फुगा का सोडा?). मोठ्यांच्या वॉर्डात ठेवलं की शेजारचे आजोबा माझ्या पेन्शनची चौकशी करतात. तर आमच्यासारखी ही जी अधलीमधली मंडळी आहेत, ती जगतात कशी, यावर तिथे संशोधन चालू झालंय. ल्युकेमिया झालेल्या तरुण रुग्णांच्या जगण्याची गुणवत्ता, असं त्याचं भारदस्त नाव. त्यासाठी एक ताई नेमली आहे. माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी, चष्मा सारखा नाकावरून घसरतो, आणि प्रश्न विचारताना आपल्यापेक्षा तीच जास्त कानकोंडी होते. मी तिला प्रश्नताई म्हणते. दर महिन्याला ती समोर बसते आणि विचारते, झोप लागते का, थकवा येतो का, हातापायांना मुंग्या येतात का, मित्रमैत्रिणी भेटतात का. उत्तर चारांतलं एक द्यायचं. अजिबात नाही, थोडं, बरंच किंवा खूप. बिचारी एवढंच विचारते. त्यात पास-नापास काही नसतं, हे तिने आम्हाला तीनदा सांगितलं.

पण तुझा भाऊ. इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसासमोर कोणी पॅडला कागद लावून बसलं की तो परीक्षक. आणि परीक्षक आला की तयारी आली. (तुला आठवतं ना, बाबा शिकाऊ लोकांना काय सांगतात? परीक्षकाला तुमची गाडी बघायची नसते, तुमचा चेहरा बघायचा असतो.) हॉस्पिटलात जाताना गाडीत माझी उजळणी सुरू. थकवा? अजिबात नाही. झोप? खूप. मधली उत्तरं द्यायची नाहीत, अशी सक्त ताकीद, कारण दोन लेनच्या मधे रेंगाळणारा हमखास नापास होतो. आणि सगळ्यांत जास्त जोर मुंग्यांच्या प्रश्नावर. मागे एकदा मोठे डॉक्टर म्हणाले होते की या इंजेक्शनाने हातपाय बधिर होऊ लागले तर सांगा, डोस कमी करावा लागेल. त्यातलं बाबांनी फक्त 'कमी' एवढंच ऐकलं. औषध कमी म्हणजे आजार जास्त, असं त्यांचं सरळ गणित. तेव्हापासून ते मला पायांबद्दल विचारत नाहीत, उत्तर सांगतात. मुंग्या? अजिबात नाही. शाब्बास.

मी पण शहाणी, दिली तशीच उत्तरं. खरं सांगायचं तर माझी पावलं हिवाळ्यापासूनच माझी राहिली नव्हती. चपला आहेत की निघाल्या हे वाकून बघावं लागायचं. पण उत्तर दिल्यावर बाबा हळूच मान डोलवायचे ना, ती मान बघून मला पुढचं खोटं सुचायचं.

गेल्या महिन्यात घोळ झाला. प्रश्नताईने दोन नवीन प्रश्न आणले होते, ज्यांची आमची तयारी नव्हती. पहिला, प्रेमसंबंधांबद्दल तुम्ही समाधानी आहात का. मी काही बोलायच्या आत शेजारून बाबा गरजले, "खूप!" (सवय, दुसरं काय. मग विषय लक्षात येऊन ते जे लाल झाले ते लिफ्टपर्यंत लालच होते. मी इतकी हसले की सलाईनची नळी सुटायची वेळ आली. समाधान जाऊ दे, संबंधच कुठे आहेत? टक्कल बघून एक पोरगा आला होता जवळ, तोही टोपी कुठून घेतली विचारायला.) दुसरा प्रश्न, तुमच्या वयाची मुलं करतात ती कामं तुम्हाला करता येतात का. मी हसण्याच्या भरात ठोकून दिलं, हो तर, बाबा गाडी शिकवतायत, छान चालवते मी. प्रश्नताईने चष्मा वर सरकवून इतक्या आनंदाने ते लिहून घेतलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वाक्यांपूर्वी जे 'अजिबात नाही' म्हटलं त्याचं काही वाटलं नाही, याचं वाटलं.

खाली आल्यावर बाबा म्हणाले, ते गाडीचं खरं नाहीये. मी म्हटलं, बाकीचं कुठे खरं आहे? हे त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलंच नाही. ते म्हणाले, चल, खरं करून टाकू. आणि हॉस्पिटलच्या मागच्या आवारात, जिथे मोडक्या खाटा रचून ठेवतात तिथे, माझ्या हातात किल्ली दिली.

आत्या, ती गाडी तुला माहीत आहे. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली. बाबांचा उजवा पाय सदैव त्या ब्रेकवर. कोणाच्या पायावर विश्वास ठेवायचा नाही हाच त्यांचा धंदा. बँकेचे मॅनेजर असोत की नवी नवरी, बाबा सगळ्यांच्या आधी ब्रेक दाबतात. तर मी बसले, आरसे जुळवले, पट्टा लावला. गाडी निघाली आणि काय सांगू तुला, किती महिन्यांनी मी कुठेतरी स्वतःहून चालले होते! खिडकीतून वारा येत होता. मी टोपी काढून मागे फेकली. बाबा हसत होते. मग भिंत जवळ यायला लागली तसे ते म्हणाले, पाय काढ. मी म्हटलं, काढला. ते म्हणाले, अगं काढ! मी म्हटलं, काढलाय बाबा. आणि खाली बघितलं, तर माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. दाबलेला. शेवाळी मोजा घातलेला. तो माझा आहे हे मला बघून कळलं.

आणि बाबांनी ब्रेक दाबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. कारण पाय ठीक आहेत असं मीच सांगितलं होतं ना त्यांना, दर महिन्याला, चेहरा हसरा ठेवून.

मोठं काही झालं नाही. भिंतीच्या आधी एक स्कूटर उभी होती, तिने आम्हाला अडवलं. ती आडवी झाली, तिचा दिवा फुटला, आरसा उडून खाटांच्या ढिगात गेला. मला खरचटलंसुद्धा नाही. बाबा समोर बघत बसून राहिले. मला म्हणाले, तुला कळलं नाही? मी म्हटलं, नाही. कधीपासून? मी म्हटलं, हिवाळा. बस, एवढंच. इतक्या उजळण्यांत जे बोललो नाही ते तीन शब्दांत उरकलं.

स्कूटर अर्थातच प्रश्नताईची होती. (दुसऱ्या कोणाची असणार? आमचं नशीब एकमार्गी आहे.) ती धावत खाली आली आणि स्कूटर बघून भोकाड पसरून रडली. आत्या, मला ती त्या क्षणी फार आवडली. वर्षभर जो येतो तो माझ्याकडे बघून डोळे पुसतो. हे पहिलंच माणूस, जे माझ्यासमोर उभं राहून एका स्कूटरसाठी रडत होतं. मग तिचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. पाय अजून तसाच दाबलेला होता, इंजिन बंद पडलेलं. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, चला, पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून झालं. या वेळी बाबा बाहेर बसले. मी चारही प्रकारची उत्तरं दिली, मधली सुद्धा. रात्री नडग्या दुखतात, खूप. एकटं वाटतं, बरंच. भीती, हा प्रश्न आला तेव्हा मी जरा वेळ घेतला. इंजेक्शन बंद झालं आहे. स्कूटरचा दिवा बाबांनी स्वतः बसवून दिला. प्रकृती बाकी ठीक. बाबा मात्र हल्ली शिकाऊ लोकांना गाडी सुरू व्हायच्या आधीच ब्रेक लावतात. काल एक गृहस्थ फाटकातून बाहेर न पडताच तासिका संपवून घरी गेले.

असो. गुडघ्याला जप. वरच्या बाईंशी बोलून टाक, त्या चांगल्या आहेत. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर हसून सोडून दे.

तुझी लाडकी (असं तूच म्हणायचीस),
भाची

ता. क. मोजे आता विणू नकोस. मऊ आहेत की बोचरे, मला सारखेच.

ता. क. २. इंजेक्शन 'बंद झालं आहे' असं वर सहज लिहिलंय, ते तेवढं सहज नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, औषध तसंही आता आजाराला धरून ठेवत नाहीये. यापुढे दुखू नये एवढंच बघायचं. बाबांच्या समोर म्हणाले. बाबांनी त्यांना थँक्यू म्हटलं आणि गाडीत येऊन वायपर लावले. ऊन होतं. तर आत्या, तू ये. राहायला ये, ट्रंक घेऊन. माझ्यासाठी नव्हे, माझं मी बघेन, मला विचारायला प्रश्नताई आहे. पण नंतर या घरात बाबांना विचारणारं कोणी नसेल. तू त्यांना रागावतेस तेव्हाच ते रडतात, दुसऱ्या कोणाला ते जमत नाही. मला भीती वाटते, ती याची. प्रश्नताईला हेच सांगितलं. खूप.

ता. क. ३. हे लिहीत असतानाच बाबा येऊन पायथ्याशी बसले. माझी पावलं मांडीवर घेतली आणि चेपायला लागले. बराच वेळ झाला, चेपतायत. मला काही कळत नाहीये, बघून कळतंय. आत्ता त्यांनी विचारलं, बरं वाटतंय का गं? मी म्हटलं, खूप.

हे तेवढं प्रश्नताईला सांगू नकोस.