मुलांची सावड

शनि. १४ ऑक्टो.
शाळेच्या मैदानावर स्काउटची मुलं जमली. बाई डहाणूहून येतात, जीप वेळेवर मिळत नाही, म्हणून शिट्टी माझ्याकडे. मी याच शाळेचा जुना शिपाई, शिक्षण सातवी. बाईंचा निरोप होता, "काका, मी येईपर्यंत नुसता गोल करून ठेवा." तोही झाला नाही. वरच्या पाड्याचा किसन खालच्या पाड्याच्या दर्शनाचा हात धरेना.
"हिच्या आज्याने आमचा पाइप तोडला."
"तुझ्या बापाने आधी शिवी दिली."
शेवटी दोन गोल झाले. बाई आल्या, दोन गोल बघितले. मग म्हणाल्या, मेळाव्याला पथक एकच न्यायचं, असं भांडत असतील तर कोणालाच नेणार नाही. माझ्याच्याने होणार नाही हे.

सोम. १६
किसनचा बाप लहानू हायवेवर, अच्छाडला ढाब्यावर कामाला. कापणीला बायको एकटी. पलीकडच्या बांधाला रावजी, दर्शनाचा आजा, गुडघे धरून बसलेला. पूर्वी दोन्ही पाड्यांची सावड होती. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. मजूर म्हणून कधी शोधावा लागला नाही. पाण्याच्या पाइपच्या भांडणापासून बंद. दोघेही माझ्याशी नीट बोलतात. म्हणूनच मध्ये पडायची भीती.

शनि. २१
बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'परस्पर सहकार्य'. मुलांनी वहीत उतरवलं, कळलं कोणालाच नाही. "काका, तुम्ही सांगा तुमच्या भाषेत." तोंडातून निघून गेलं, "सहकार्य म्हणजे सावड."
मुलं हसली. कळलं.
किसन म्हणाला, "मग आधी कोणी जायचा?"
"ज्याला दुसऱ्याची अडचण दिसेल, त्याने."
बाई खूश. मी नाही. सावड फेडावी लागते. स्काउटची मदत बिनफेडीची, असं बाईंच्या पुस्तकात. चुकीचं शिकवलं का? विचारायचं राहून गेलं.

रवि. २२
दुपारी आभाळ भरून आलं. लहानूची बायको तापाने कासा गावच्या दवाखान्यात, लहानू तिच्यापाशी. कापलेलं भात शेतात पसरलेलं. दर्शना आणि खालच्या पाड्याची पोरं, गळ्यात स्कार्फ, सरळ त्याच्या शेतात. भारे बांधून डोक्यावरून खळ्यावर. किसन आधी ओरडला, "आमच्या शेतात नाय यायचा!" मग आभाळाकडे बघून स्वतःच ताडपत्री आणायला पळाला.
मी धापा टाकत पोचलो. "कोणी सांगितलं तुम्हाला?"
दर्शना म्हणाली, "तुमीच ना आजोबा. सावड."
विळा कोणाच्या हातात नव्हता, देवाची कृपा. पण पेंढ्याखाली साप असता तर? मु.अ. म्हणतील, शिपायाने पोरांना मजुरीला जुंपलं. संध्याकाळी चांगलाच पाऊस झाला. भात वाचलं. जेवण गेलं नाही.

बुध. २५
लहानू आला. बायको घरी आली म्हणाला, बरी आहे. बसला नाही.
"काका, मी कोणाला बोलावला नव्हता."
"पोरं रे ती..."
"पोरं कोणाच्या घरची? आता रावजीची सावड माझ्या डोक्यावर. त्याच्या शेतात जाऊ मी? ज्याने पाइप तोडला त्याच्या?" किसनला शनिवारी पाठवणार नाही म्हणाला. चहा तसाच राहिला.
सून म्हणते, "बाबा, देऊन टाका ती शिट्टी. तुमचं बीपी वाढतं."
बाईंना फोन केला. म्हणाल्या, "मदत फेडायची नसते काका, त्याला समजवा." बाई मनाने चांगल्या. पण न फेडलेली सावड कर्जासारखी घरावर बसते, हे शहरच्या माणसाला फोनवर कसं सांगायचं?

शनि. २८
किसन आला. बापाला विचारून की न विचारता, मी विचारलं नाही. गोल एकच झाला. त्याने दर्शनाचं मनगट धरलं, हात नाही. ती म्हणाली, "मी काय चोर हाय? नीट धर." तरी मनगटच. चालेल. बाई हसल्या. मेळाव्याचं बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही.
मुलं सुटली तर कुंपणापाशी लहानू उभा. आता पोराला मारतो की मला बोलतो. तो जवळ येऊन हळू म्हणाला,
"काका, पोरांनी केलेली सावड पोरांनी फेडायची, का मोठ्यांनी?"
इतक्या सावडी केल्या, हा प्रश्न कोणी विचारलेला ऐकला नाही. पोरांनी म्हणावं तर हा सुटतो. मोठ्यांनी म्हणावं तर भडकतो. रावजीचं भात अजून उभं, दाणे गळायला लागलेत.
म्हटलं, "मला काय कळतं? रावजीलाच विचार."
लहानू किसनला म्हणाला, "तू हो पुढे. आईला सांग, मला उशीर होईल."
जीप सुटायची वेळ होती, अच्छाडलाही जायचं असेल त्याला. जीपची आणि रावजीच्या घरची वाट फाट्यापर्यंत एकच आहे. फाट्यावर विडी पेटवायला थांबलेला दिसला. पुढे कुठे वळतो, बघवेना. आत येऊन बसलो.