न मिटलेली मोहर

लायडन, १६४८

प्रिय लेव्हेन,

पत्र बघून आधी कपाळाला आठ्या घालशील, मग वाचशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तीस वर्षांत इंग्लंडच्या हवेने तो बदलला असेल, तर कमालच म्हणायची!

मंगळवारी बाबा गेले. हेरिंग मासासुद्धा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. कालव्याकाठी बाकी सगळं तसंच आहे. मागांचा खडखडाट, ओल्या लोकरीचा वास. तुझ्या खिडकीत आता कुणी बाई कांदे वाळवते. बघून मला अजून राग येतो.

तुझं ते निळं कापड आठवतं? ईस्टरला आपलं लग्न करायचं म्हणून घाईघाईने विणलेलं. कापडाचे तपासनीस म्हणून बाबांनी त्याला पसंतीची शिशाची मोहर नाकारली, सगळ्यांदेखत ते मधोमध फाडलं. "म्हातारा दगड आहे, दगड!" असं ओरडत तू गेलास तो थेट जहाजावर. गावही तेच म्हणत राहिलं, पोटच्या पोरीचं वाटोळं केलं म्हाताऱ्याने.

आता खरं सांगते. बाबांना तेव्हाच नीट दिसत नव्हतं. तपासनीसाचं काम जाईल म्हणून आम्ही कुणाजवळ बोललो नाही. दांडीवर कापड टाकलं की ते अलीकडून बघितल्यासारखं करायचे, मी पलीकडून बोटं फिरवायची. तुटका धागा लागला की खाकरायचं, एवढंच ठरलेलं. त्या दिवशी काठावर तुझं कोंबड्याचं चिन्ह दिसलं, मला कोण आनंद झाला! बोटं मात्र चालतच राहिली. दोन धागे तुटलेले होते. मी खाकरले, लेव्हेन. सवयीने! बाबा थांबले. "सर्दी झालीय का गं तुला?" त्यांनी हळूच विचारलं. सुटायची वाट दाखवली होती रे त्यांनी. आणि मी मेली म्हणाले, "नाही." माझं बोट कधी चुकत नाही, याचा केवढा तोरा होता मला!

काल त्यांच्या कोटाच्या अस्तरात या पत्रासोबत पाठवलेली मोहर सापडली. दोन चकत्या, मधे कापडाच्या काठावर दुमडून ठोकायची पट्टी, अजून दुमडलेली नाही. एकीवर तुझा कोंबडा, दुसरीवर ते साल. तुझ्यासाठी त्यांनी ती आधीच तयार ठेवली होती. पुढे तीस वर्षं गावाचे टोमणे ऐकले, पण माझं नाव काढलं नाही. म्हणून हे पत्र. बाबांना दिलेल्या सगळ्या शिव्या परत घे, आणि मला दे.

तो हक्क मीच गमावला, तरीही तुझीच,
तानेके