चिखलदऱ्याच्या तलावाकाठी विहीणबाईंना पत्रावळीवरून उठवल्याबाबत

प्रति,
मा. सहल अधिकारी साहेब,
डोंगर-तलाव दर्शन (एक दिवसाची बस सहल),
बुकिंग कचेरी, अमरावती.

अर्जदार : श्रीमती मनकर्णाबाई रामराव गावंडे, वय पुरेसं, शिक्षण चौथी (परीक्षेच्या आधीच लग्न लागलं), धंदा शेती व घरचा कारभार, रा. दर्यापूर, जि. अमरावती.

विषय : आमच्या होणाऱ्या विहीणबाईंना पहिल्याच घासाला शिटी मारून पत्रावळीवरून उठवल्याबाबत, व तीच पंगत पुन्हा बसवून मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) आषाढातल्या पहिल्या रविवारची तुमची चिखलदऱ्याची बस.
(२) तुमच्या खिडकीवरच्या बाईंनी मले फोनवर दिलेलं उत्तर : "आजी, धुकं आमच्या हातात नसते."

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यास कारण की, संदर्भ क्रमांक दोनचं उत्तर मले मंजूर नाही. धुकं तुमच्या हातात नसन, शिटी तर होती. सविस्तर हकीकत खालीलप्रमाणे सादर आहे. साहेबांनी चहा घेत न वाचता नीट बसून वाचावी.

१. माझी नात प्रणाली हिची सोयरीक मोर्शीच्या स्वप्निल वानखडे या मुलाशी जमत आलेली आहे. मुलगा चांगला आहे, घरचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि पोरीच्या मनात आहे. मनात आहे असं ती बोलली नाही, पण मोबाईलकडे पाहून एकटीच हसत राहायची, त्यावरून गोठ्यातल्या म्हशीलेही समजलं होतं. अडचण एकच, मुलाची आजी चतुराबाई. त्यांच्या घरात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नाही आणि माझ्या घरात माझ्या. म्हणून खऱ्या विहिणी आम्ही दोघीच, पोरांच्या आया नावाला. तर ह्या चतुराबाई आमचं घर पाहायले आल्या, पाण्याचा पहिला घोट घेतला आणि चारचौघांत म्हणाल्या, "दर्यापूर! नावात दर्या अन् घोटात मीठ." आमच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे हे सरकारलेही माहीत आहे. ते माझ्या घरच्यांनी कालवलेलं नाही. पण मुलीकडची बाजू, मी हसून घेतलं. मनात मात्र ठरवलं की या बाईले असं गोड पाणी दाखवीन की जन्मभर बोलणार नाही.

२. सबब पेरण्या उरकताच माझा मुलगा अमोल याच्याकडून दोन्ही घरच्या सीटा तुमच्या बसमध्ये लावून घेतल्या. बेत असा होता की डोंगर पाहायचा, तलाव पाहायचे, तलावाच्या काठावर रोडग्यांची पंगत बसवायची, आणि जेवण होऊन तोंडात सुपारी पडली की तिथंच साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची. तुमची सहल माझ्यासाठी सहल नव्हती, हे साहेबांनी ध्यानात घ्यावं.

३. तुमचा गाईड कुलदीप हा पोरगा वागायले नम्र आहे, त्याबद्दल तक्रार नाही. हातात माईक, गळ्यात शिटी, बगलेत पिवळी झेंडी. घाट चढलो आणि धुकं असं उतरलं की बसच्या काचेवर कोणी पांढरं धोतर वाळत घातलं असं वाटलं. कुलदीप मात्र थांबला नाही. "उजव्या हाताला गाविलगडचा किल्ला." उजव्या हाताले अमोलची छत्री होती. "डाव्या हाताला खोल दरी." ते आम्ही तसंच मान्य केलं, खात्री करायले कोणी पुढं झालं नाही. मग त्यानं भीमानं कीचकाला मारून याच दरीत कसं फेकलं ते सांगितलं. त्यावर चतुराबाई म्हणाल्या, "फेकला तं फेकला, पण दरी तं दाखव." कुलदीप म्हणाला, "धुक्याच्या मागं आहे आजी." त्या म्हणाल्या, "धुक्याच्या मागं तं आमचं मोर्शीबी आहे. त्यासाठी काहून एवढा घाट चढवला?" सगळी बस हसली. बोलल्या कुलदीपले, पण शब्द माझ्या पदरात येऊन पडले.

४. तलावाचंही तेच. "आपण तलावाच्या काठावर आलो आहोत," असं कुलदीपनं सांगितलं. कोणाले तलाव दिसला नाही. माझा डावा पाय पाण्यात गेला तेव्हा माझ्यापुरती खात्री पटली. मी तेच चतुराबाईंना सांगितलं की पाणी आहे, माझा पाय ओला आहे, पाहा. त्या म्हणाल्या, "पाय तं दवानंही ओला होते."

५. आता मुद्द्यावर येते. आपण वऱ्हाडातले नसाल तर आधी रोडगा समजून घ्यावा. कणकेचे पदर घालून जाड गोळा करायचा, गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा, मग पत्रावळीत कुस्करून त्यावर वरण आणि तूप सोडायचं, बाजूला वांग्याची भाजी. जंगलात जाळ करायची बंदी आहे म्हणून मी रोडगे पहाटेच अंगणात भाजून नेले, तुमचा एकही नियम मोडला नाही. पण कुलदीपनं काठावर वीसच मिनिटं दिली, आणि रोडगा वीस मिनिटांत खायची वस्तू नाही. त्यात विहिणीची पंगत. मुलीकडच्यांनी वाढायचं, विहिणीनं पत्रावळीवर आडवा हात धरायचा, आपण शपथ घालायची, तिनं पुन्हा नाही म्हणायचं, आपण हाताच्या फटीतून वाढायचं. नाही म्हटल्यावर जी थांबली तिनं मान ठेवला नाही असं धरतात. हा सगळा कारभार डोळ्यांनी पाहून चालतो.

६. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी रोडग्यांची टोपली घेऊन निघाली तर समोर जाड अंगाची, निळी शाल पांघरलेली बाई बसलेली. चतुराबाईंची शाल निळी, अंगही तसंच. मी रोडगा वाढला. बाई "नको नको" म्हणाल्या. मी दुसरा वाढला. त्यांनी हात आडवा धरला, तेव्हा मले खूप आनंद झाला की विहीणबाई रीतीनं वागून राहिल्या. मी म्हटलं, "ईनबाई, लाजू नका, तुमच्या घरी असे रोडगे कुठं भेटतात, तुमाले माह्या गळ्याची शपथ." असा आग्रह करून तूप डोळे मिटून सोडलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या तिघा माणसांनाही पोटभर घातलं. त्यांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. नंतर समजलं की ती चार माणसं अकोल्याची. आमची ना ओळख ना पाळख. जेवण तुमच्या सहलीतच धरलेलं आहे असं समजून ती बसली होती. जाताना त्या बाई कुलदीपले म्हणाल्या की तुमची व्यवस्था फार प्रेमळ आहे. ते कौतुक तुम्ही स्वतःच्या नावावर लावून घेऊ नये.

७. खऱ्या चतुराबाई त्याच पंगतीत पलीकडच्या टोकाला कोरी पत्रावळ घेऊन बसल्या होत्या. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. "तुमच्या घरी असे रोडगे कुठं भेटतात" हेही आलं. पत्रावळ कोरी, आणि कानावर आग्रह. कोणत्याही बाईले टोमणाच वाटणार. मलेही वाटला असता, आणि मी एवढा वेळ गप्प बसली नसती.

८. शेवटी स्वप्निलनं हाक दिली, "दर्यापूरच्या आजी, आमची आजी इकडं आहे." मी तशीच धावली. स्वतःच्या हातानं रोडगा कुस्करला, वरण घातलं, तूप घातलं. बाई ढिम्म. प्रणाली बाजूला उभी होती, तिच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं आणि घास उचलला. साहेब, घास उचलला होता. अजून थोडा दम धरला असता तर तो घास पोटात आणि तारीख पदरात होती. नेमकी तेव्हाच कुलदीपची शिटी वाजली. "वेळ संपली, सर्वांनी गाडीत बसा, पुढचा पॉइंट!" सगळी पंगत उठली. चतुराबाईंनी घास पत्रावळीवर परत ठेवला, हात धुतला आणि म्हणाल्या, "बरं झालं ईनबाई, लग्नाच्या आधीच समजलं." आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालेही जेवता जेवता उठवत नाहीत. आणि पुढच्या पॉइंटवर काय होतं? तेच धुकं. ते आम्ही पंगतीत बसून पाहिलं असतं तर डोंगराचं काय बिघडत होतं?

९. तेव्हापासून मोर्शीचा फोन लागत नाही. लागला तर कापून टाकतात. प्रणालीचं हसणं बंद झालं आहे. माझ्यावर रागावली असती तर मीही दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. ती उलट माझ्यासमोर ताट आणून ठेवते आणि म्हणते, "आजी, जाऊ दे, तू जेव." या घरात जेव म्हणायचं काम माझं आहे. नात ते करू लागली म्हणजे घराची घडी मोडली असं मी समजते.

१०. तरी साहेबांनी मेहरबान होऊन तीच बस, तीच माणसं, त्याच काठावर पुन्हा न्यावी. अकोल्याच्या चार माणसांनाही बोलवावं, त्यांनी आपण जेवलो असं चतुराबाईंच्या तोंडावर सांगावं, त्या दिवशी मात्र घरून जेवून यावं. कुलदीपनं यावं, शिटी कचेरीत जमा करून यावं. विहीणबाई स्वतः "पुरे" म्हणत नाहीत तोवर ड्रायव्हरनं गाडीले चाबी लावू नये. ऊन पडल्याची खात्री करूनच दिवस धरावा. आणि तलाव एकदा डोळ्यांनी दाखवावा. मले दर साली मी जिवंत असल्याचा दाखला पेन्शनीसाठी द्यावा लागते. मी समोर उभी राहूनही साहेब लोक कागद मागतात. तुमचा तलाव तर समोर असून दिसलाही नाही, त्याचा दाखला कोणी द्यायचा? पैसे परत नकोत. पैसे दिले तर घेणार नाही आणि गावभर सांगीन.

चूक नसलेली, तरीही आपली नम्र,

मनकर्णाबाई रामराव गावंडे
(सही स्वतःची, अंगठा नाही)

दर्यापूर, ता. १६ जुलै २०२४

सोबत : रोडगा एक, फडक्यात बांधून. पुरावा आहे, तरी खायले हरकत नाही. गरम करून, तुपासोबत. वीस मिनिटांत होते का ते पाहावं.

ता. क. : हा अर्ज घेऊन खिडकीवर आली तर बाईंनी सांगितलं की मोर्शीचा असाच एक अर्ज कालच येऊन पडला आहे. अर्जदार चतुराबाई वानखडे. दुसऱ्याचा कागद मी वाचत नाही. बाईंनी विषय तेवढा मोठ्यानं वाचला : "तोंडाशी आलेला रोडगा शिटी मारून खाली ठेवायले लावल्याबाबत, व तो पुरा करू देण्याबाबत." माझं नाव त्यात कुठं नाही, असंही बाई म्हणाल्या. आता बाई दोन्ही अर्ज एका टाचणीत लावून राहिल्या आहेत, आणि मी समोर उभी आहे म्हणून त्यांनी माझा वर ठेवला आहे. तसं करू नये. चतुराबाईंचा वर लावावा. त्या मुलाकडच्या आहेत.