घरातलं माणूस

सोमवार, ३ नोव्हेंबर
महाडला पोचले. एस.टी.तून उतरते तो अरविंद सर स्वतः न्यायला हजर! रक्ताच्या कर्करोगावर एवढं मोठं काम केलेला माणूस, आणि माझी ट्रंक स्वतः उचलून वर नेली. खाली सरांचं संशोधन केंद्र, वर माझी खोली. खिडकीतून सावित्री नदी दिसते. संध्याकाळी चवदार तळ्यावर जाऊन आले. आईला फोनवर सांगितलं तर ती रडलीच.

रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि परत रक्तात सोडायच्या, हा सरांचा उपचार. बरे झालेल्यांच्या घरी जाऊन रक्त घेणं, नोंदी ठेवणं हे माझं काम. माझा धाकटा भाऊ बुद्धरत्न, आमचा रत्नू, त्याच्यावर बाकीच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. गेल्या महिन्यात सरांनीच त्याला मुंबईत या पेशी दिल्या. हे उपकार कसे फिटणार?

गुरुवार, ६ नोव्हेंबर
पोलादपूरहून जीपने कुडपणला. म्हशी राखणारा भैरू, सहा महिन्यांपूर्वी बरा झालेला. रक्त एकदम स्वच्छ. निघताना त्याची बायको अंबूबाई जीपपर्यंत आली. म्हणाली, “बाय, रगात बरा झाला, पन मानूस परत नाय आला.” तो तिच्या हातचं खात नाही, गोठ्यात झोपतो, तू कुणाची म्हणून तिलाच विचारतो. सर मुंबईला परतलेत; फोनवर हसले. लांबलेल्या आजारानं मन थकतं म्हणाले. नोंदवहीत ते नको.

शनिवार, १५ नोव्हेंबर
रत्नू आला! महिनाभर विश्रांती. रक्तात एकही वाईट पेशी नाही, सूक्ष्मदर्शकाखाली तीनदा पाहिलं. सुकटीची चटणी केली, चार भाकऱ्या खाल्ल्या पठ्ठ्यानं. त्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांच्या नकला करून मला हसवून हसवून मारलं. सरांनी रोज लिहून पाठवायला सांगितलंय: काय खातो, काय बोलतो, माझ्याशी कसा वागतो. किती ती काळजी!

बुधवार, २६ नोव्हेंबर
रत्नू आज मला ‘तुम्ही’ म्हणाला. थट्टा वाटली. मग त्यानं मी वाढलेलं ताट बाजूला सारून स्वतः दुसरं वाढून घेतलं. या घरच्या बाई कधी येणार, असं अदबीनं विचारलं. मी हसले. तो नाही हसला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
सरांना न सांगता कुडपणला गेले. अंबूबाईच्या गळ्यावर बोटांचे वळ. शेजारी धावले म्हणून वाचली. भैरू रागात होता का, विचारलं.
“राग नव्हता गो. शेतातला तन उपटतात ना, तसा धरलान.”
भैरू अंगणात शेजाऱ्यांशी हसून बोलत होता.

शनिवार, २९ नोव्हेंबर
सरांच्या कपाटात आधीच्या चाचणीची फाइल. दोन वर्षांपूर्वीची. अकरा जण बरे झाले. नऊ जणांना घरातलं सगळ्यांत जवळचं माणूस परकं वाटू लागलं, मग हल्ले. चार नातेवाइकांचे मृत्यू. ‘अपघात’ लिहिलंय.

रत्नूच्या संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. यातलं एक अक्षर नव्हतं त्यात.

फोन केला. सर शांत. “रक्त साफ झालं ना? तेच मागितलं होतंस तू.” मग मला इथे का नेमलं, विचारलं. “घरातलंच माणूस हवं होतं, निशा. नोंदी ठेवता येणारं.”

माझ्या नेमणूकपत्रात संशोधन साहाय्यक. रत्नूच्या फाइलमध्ये माझ्या नावापुढे — नातेवाईक.

रविवार, ३० नोव्हेंबर
सर फोन उचलत नाहीत. रत्नू जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो. मी आले की बोलणं थांबवून बघत राहतो — मला निघून जाता येईल. पण मी नसले तर सगळ्यांत जवळची आईच. तो तिच्याकडे —
नाही जाणार मी.

सोमवार, १ डिसेंबर
आईला फोन केला. रत्नूला घरात घेऊ नकोस. का ते तिनं विचारायच्या आत फोन ठेवला.

दहा वाजता. चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीला ती जुनी फाइल पाठवली. अंबूबाईचं म्हणणं, सरांचं बोलणं, सगळं. गेली.

पोलीस येतो म्हणाले. आतून कडी लावलीय. मघाशी तो खाली भाजीवाल्याशी गप्पा मारत होता, आता —

दार ठोठावत नाही. बिजागऱ्या बाहेरून आहेत. स्क्रू काढतोय. सावकाश. एक पडला.

हाका मारल्या. थांबला. पुन्हा —

दुसरा.

रत्नू, अरे मी तुझी