कैनाडच्या विहिरीतलं चांदणं

प्रिय अहो,

कालपासून कुणाला तरी सांगायचंय, आणि तुमच्याइतकं ते कुणालाच कळणार नाही, म्हणून लिहायला बसले. सापडली! स्फटिकांची जागा सापडली!

किती रविवार घालवलेत तिच्यापायी! आठवडाभर तुम्ही डहाणू रोड स्टेशनात तिकीट खिडकीवर बसायचं आणि सुट्टीला मला स्कूटरवर घेऊन तलासरीपर्यंतचे ओढे धुंडाळायचे. लोक बायकोला बोर्डीच्या किनाऱ्यावर नेतात हो! मला मात्र ऊन आणि दगड. पिशवी कोण उचलणार? मीच!

"ताजा कातळ फुटतो तिथं बघायचं," असं म्हणायचात ना? काल आपल्या मुग्धाबरोबर कैनाडच्या पुढे डोंगराकडे गेले होते. एका शेतात नवी विहीर खणलेली, बाजूला काळ्या दगडांचा ढीग. मी ओरडलेच, "थांबव गाडी!"

मुग्धा हसायला लागली. "आई, अगदी बाबांसारखी ओरडलीस."

शेताची मालकीण लक्ष्मीबाई. दगड बघू का, असं विचारलं तर म्हणाली, "तुमी त्या दगडवाल्या साहेबांच्या कोण?"

म्हणजे तुम्ही तिथं जाऊन आला होतात! मला न सांगता? मी माहेरी गेले असेन तेव्हा. तिनंच सांगितलं, तिच्या ओट्यावर बसून नाचणीची भाकरी खाल्लीत आणि "विहीर खणाल तेव्हा मला कळवा" म्हणून सांगून आलात.

"साहेब कसे हायेत?" तिनं विचारलं.

"दिवाळीआधी गेले."

तिनं माझा हात धरून मला ढिगापाशी नेलं आणि एक फुटका दगड उलटा केला. आत पोकळी, आणि तिच्यात सुयांसारखे पांढरेशुभ्र स्फटिक, फुंकर घातली तरी मोडतील इतके नाजूक!

"सुरुंग लावला नि आतून चांदणाच निघाला, वयनी! मी बोलली, साहेबांनी बघला तर नाचतील."

नाचलाच असतात! मग तुमच्या वाटणीचं मी नाचले. भर उन्हात, त्या ढिगाशेजारी. दोघी पोट धरून हसत होत्या. एक तुकडा लक्ष्मीबाईनं मला दिला, एक स्वतःच्या देवापाशी ठेवलाय. आणि विहिरीला पाणीही लागलंय बरं का, गोड!

तलासरीकडचे काही ओढे तुमचे बघायचे राहिलेत. ते सगळे मी बघणार, शब्द देते. हातोडा तुमचाच घेईन, पण गुडघे माझे आहेत, तेव्हा जरा वेळ लागेल.

तुमचीच,
सुनंदा