भाद्रपदातलं ताक

अहो,

वसंता आणि मी सूनबाईला अकोल्याच्या दवाखान्यात नेत आहोत. तिची हगवण पुन्हा उलटली. कॅप्सूल देताना डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले होते, "या औषधानं रोगाचे जंतू मरतात, तसे आतड्यातले राखणदार जंतूही मरतात. मग रोग पुन्हा शिरतो. हिला रोज ताक पाजा." तुम्ही मात्र भाद्रपदात दही वर्ज्य म्हणून विरजणाचं गाडगं गोठ्यात ओतलंत.

कीर्तनात साऱ्या घराचा नेम बोललात, तो बुवांच्या आग्रहानं, असं मी धरून चालले होते. बुवांचं कीर्तन ऐकून माझे डोळे भरून येतात, म्हणून आज देवळात जाऊन त्यांनाच विचारलं. बुवा कळवळले. म्हणाले, "माय, आजारी मानसाले कायचा नेम? हे मी त्याइले त्याच दिवशी सांगतलं होतं."

डॉक्टर आत्ताच पाहून गेले. अकोल्याला नेऊन पाहा, पण फार आशा धरू नका, ती मागेल ते द्या, म्हणाले. तिनं एकच मागितलं, "मामंजींना माझ्याजवळ येऊ देऊ नका."

मी तिला तसा शब्द दिला आहे. तुम्ही अकोल्याला येऊ नका.

गोदावरी